आईचं म्हणणं, एकही वाक्य न गाळता

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच या रुग्णालयाच्या लॉन्ड्रीचे प्रमुख. व्यासपीठावर विराजमान असलेल्या मुख्य परिचारिका. सात तासांचा प्रवास करून केवळ या कार्यक्रमासाठी आलेले, आमच्या भाषेतली पुस्तकं काढणारे प्रकाशक महोदय. धुलाई, इस्त्री आणि घड्या या तिन्ही विभागांतल्या माझ्या मावश्या आणि काका. पहिल्या रांगेत बसलेले आणि येताना गाडीत मला तीनदा "थोडक्यात आटप" असं बजावणारे माझे बाबा. आणि जिच्यासाठी आज या जेवणघरातली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या आहेत, ती माझी आई. तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्ष महाराजांचे आधी आभार मानते, कारण त्यांनी मला माझ्या आईच्या भाषेत बोलायची परवानगी दिली. ज्यांना ही भाषा येत नाही, त्यांच्यासाठी माझा धाकटा भाऊ दुसरा माइक घेऊन उभा आहे. मी थांबले की तो इथल्या भाषेत सांगेल. सांग रे.

झालं? एवढ्यात? मी आत्ता एवढी मोठी यादी म्हटली, आणि तू "सगळ्यांना नमस्कार" एवढ्यावर उरकलंस? बघा, हा आमचा घराण्याचा रोग आहे. त्याला तरी काय बोलू? त्याला हा रोग माझ्याकडूनच लागला, आणि आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

आईबद्दल तुम्हाला मी काय सांगावं? तुम्ही तिला आठवड्यातले सहा दिवस पाहत होता, मी उरलेला एक. चोवीस वर्षं तिनं या इमारतीच्या तळघरात चादरींच्या घड्या घातल्या. वरच्या मजल्यावर ज्याचं ज्याचं ऑपरेशन झालं, जो बरा होऊन घरी गेला, तो प्रत्येक जण तिनं घडी घातलेल्या चादरीवर निजला होता. मुख्य परिचारिकाबाईंनी आत्ताच सांगितलं की आईची घडी त्यांना लांबून ओळखू यायची. खरंय. घरीसुद्धा आमचे रुमाल असे असायचे की नाक पुसायची लाज वाटावी.

पण ही झाली हातांची गोष्ट. डोक्यात काय चाललं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. आणि ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांत मी सगळ्यात पहिली असून मलाच त्याचा पत्ता नव्हता.

आई चौदा वर्षांची असताना कादंबरी लिहीत होती. शंभर पानी वहीत, रेघारेघांवर, जांभळ्या शाईनं. अकरा प्रकरणं झाली होती. वर्गातल्या मुली रांग लावून वाचायच्या आणि मधल्या सुट्टीत तिला गाठून विचारायच्या, "पुढे काय?" एका मास्तरांनी ती वही जप्त केली, आणि चार दिवसांनी परत देताना खाली मान घालून तेही म्हणाले, "ते बाराव्या प्रकरणाचं जरा बघा." त्या दिवसापासून आईनं ठरवलं की मोठेपणी आपण कादंबऱ्या लिहायच्या. मग शाळा संपली, लग्न झालं, मी झाले, धाकटा झाला. बारावं प्रकरण राहून गेलं, वही मात्र तिनं जपली होती.

मी सात वर्षांची होते तेव्हा आम्ही इकडे आलो. सामानाला वजनाची मर्यादा होती. निघायच्या दिवशी काट्यावर बॅग जड भरली. आईनं बॅग उघडली, वही बाहेर काढली आणि त्या जागी माझे दोन स्वेटर कोंबले. मला तो प्रसंग लख्ख आठवतो, कारण स्वेटर टोचणारे होते आणि मला ते नको होते. वहीचं काय झालं, हे मी तिला पुढची तीस वर्षं, नाही, खोटं कशाला बोलू, पुढची पंचवीस वर्षं विचारलं नाही.

इथे आल्यावर सहा महिन्यांत मला इथली भाषा यायला लागली. मुलांना येतेच. आई-बाबांना येईना. मग काय, घरातली सात वर्षांची मुलगी एकदम कर्ती झाली. बँकेत मी, शाळेत मी, घरमालकाकडे मी. आई सांगायची, मी समोरच्याला सांगायचे. आणि आईचं सांगणं म्हणजे तुम्हाला माहीत आहे! डॉक्टरांनी विचारावं, "काय होतंय?" तर आई सुरू करणार: "काल सकाळी बादली उचलली तेव्हा कंबरेत अशी बारीक चमक आली, आधी वाटलं गेली, पण दुपारी पोळ्या लाटताना ती परत आली, विसरलेली वस्तू न्यायला पाहुणा परत यावा तशी..." डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "कंबर दुखते. कालपासून."

मागे लोक ताटकळत उभे असायचे. माझे कान तापायचे. मला वाटायचं, कधी एकदा हे संपतं. म्हणून मी गाळत गेले. पाहुणा गाळला, बादली गाळली. बाबांची भर होतीच: "मुद्द्याचं सांग, मुद्द्याचं." बाबा, हसू नका. तुमच्या त्या एका वाक्यावर आमचं घर चाललं आहे.

अध्यक्ष महाराज, आता तुमच्यावर येते. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा तुम्ही प्रमुख नव्हता, तळघरातले नवे मुकादम होता आणि डोक्यावर केस होते. आई काम मागायला आली. सोबत दुभाषी म्हणून मी, वय वर्षं नऊ, पाठीला दप्तर. तुम्ही विचारलंत, "तुम्हाला हेच काम का हवं आहे?" आई बोलायला लागली. खूप वेळ बोलली. मागे मशीन घरघरत होतं, तिनं हात हलवून काहीतरी दाखवलं, मध्ये एकदा हसलीसुद्धा. ती थांबली आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणाले, "आईला कामाची गरज आहे. ती मेहनती आहे."

तुम्ही म्हणालात, "एवढंच म्हणाली?" मी म्हणाले, "एवढंच."

काम मिळालं. येताना आईनं मला पेढ्याएवढा चॉकलेटचा तुकडा घेऊन दिला. ती नेमकं काय म्हणाली होती, ते मी दाराबाहेर पडेपर्यंत विसरूनही गेले. पण हे एवढं तुम्ही मात्र लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

आता घड्यांच्या टेबलाकडे येऊ. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोन टोकं एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. ताणायची, दुमडायची, मग चार पावलं चालत एकमेकींजवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे. आईच्या समोर जी उभी असायची ती तिची जोडीदारीण, जी आज तिसऱ्या रांगेत मोठा रुमाल तयार ठेवूनच बसली आहे. ती तिसऱ्याच देशातून आलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि इथली तोडकीमोडकी. मशीनच्या आवाजात लांबून काही ऐकूही येत नसे. म्हणून बोलायचं ते चार पावलं जवळ आल्यावरच. एका चादरीला एक वाक्य.

आणि आईनं त्या एकेका वाक्यात कादंबरी सांगायला सुरुवात केली. तीच, अकरा प्रकरणांची. नायिकेनं दार उघडलं, ही एक चादर. दारात कोण होतं, ही दुसरी. दिवसाला तीनशे चादरी! जोडीदारणीला एवढा नाद लागला की तिची पाळी बदलली तेव्हा ती भांडून परत आईच्या पाळीला आली. कारण विचारलं तर म्हणाली, "गोष्ट अर्धी आहे." अध्यक्ष महाराज, तुम्ही तेव्हा अर्जावर "घरगुती अडचण" असं लिहून सही केलीत. तुमचा तो मोठेपणा.

पुढे सहा वर्षांपूर्वी घड्यांचं मशीन आलं. चादर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं घडी बाहेर. काम हलकं झालं, पाठी वाचल्या, सगळं खरं. पण आई मशीनच्या या टोकाला आणि जोडीदारीण त्या टोकाला. आता कोण कुणाला सांगणार? पहिल्या आठवड्यातच जोडीदारीण जेवणाच्या सुट्टीत आईसमोर डबा आपटून म्हणाली, "मग ती बाई खिडकीतच बसून राहिली का? माझा जीव तिकडे अडकलाय. लिहून आण. मला वाचून दाखव, आपल्या तोडक्या भाषेत."

असं आमच्या घरी लेखन सुरू झालं. घरात टेबल होतं, खुर्ची होती. आई मात्र इस्त्रीच्या फळीवर लिहायची, उभ्यानं. म्हणायची, "बसलं की मला झोप येते, उभं राहिलं की सुचतं." दुपारी कामावरून आली, चहा घेतला, की फळी उघडायची. बाबांचे शर्ट चुरगळलेले राहायला लागले. बाबांनी एकदा विचारलं, "इस्त्री?" आई म्हणाली, "नववं प्रकरण चाललंय." त्यानंतर बाबा स्वतःच चटईवर टॉवेल पसरून इस्त्री करायला शिकले. थोडक्यात सांगा म्हणणारा माणूस चार वर्षं त्या लांबलचक गोष्टीसाठी गुडघ्यावर बसून इस्त्री करत होता, हे या सभागृहाला कळलं पाहिजे.

सात वह्या भरल्या. त्या तिनं पिशवीत घालून माझ्याकडे आणल्या आणि म्हणाली, "टाइप करून देशील?"

मी काय काम करते, ते तुम्हाला सांगितलं नाही. मी विमा कंपनीत आहे. तीनशे पानांची फाइल येते, तिचा एका पानाचा गोषवारा काढायचा. लहानपणी जे फुकट केलं, त्याचा आता पगार मिळतो. मी वह्या घेतल्या आणि माझ्या हाताला जे येतं ते केलं. जिथे काही घडत नाही तो भाग काढला, जिथे माणसं उगाच खूप बोलतात तिथे दोन वाक्यांत आणलं. खिडकीत बसलेली एक बाई पानंच्या पानं नुसती वाट बघत होती. तिला पूर्णच काढून टाकलं. खोटं नाही सांगत, मला वाटत होतं मी आईवर उपकार करते आहे. सात वह्यांची एकशे तीस पानं झाली. मी ती छान बांधून नेऊन दिली.

आईनं फळीपाशी उभी राहून पानं चाळली. शेवटचं पान वाचलं. म्हणाली, "छान केलंस. सुटसुटीत झालं." आणि चहा टाकायला गेली.

त्या दिवसापासून इस्त्रीच्या फळीवर फक्त इस्त्री व्हायला लागली. बाबांचे शर्ट पुन्हा कडक. दीड महिना. मला वाटलं, काम झालं, आता विश्रांती घेते आहे.

मग एका रविवारी माझ्या दाराची घंटा वाजली. दारात जोडीदारीण. दोन बस बदलून आलेली, पहिल्यांदाच माझ्या घरी. पाणी दिलं ते घेतलं नाही. इथल्या तोडक्या भाषेत बोलली, मी आपल्या भाषेत सांगते, आणि सगळं सांगते. ती म्हणाली, "तुझी आई जेवताना बोलत नाही. मी म्हटलं, पुढचं वाच. ती म्हणते, संपलं. मी म्हटलं, खिडकीतली बाई? ती म्हणते, लेकीनं काढली. का काढली? मी त्या बाईबरोबर अठरा वर्षं आहे. माझी आई तिकडे वारली तेव्हा मला जाता आलं नाही, तेव्हा त्या बाईनं मला सोबत केली. मला सांग, चादरीचा मधला भाग कापून तू दोन टोकं जोडलीस, तर आजारी माणसाच्या अंगावर काय घालशील?"

मी म्हणाले, "मावशी, त्यात काही घडत नाही हो."

ती म्हणाली, "तू नीट वाचलंस?"

अध्यक्ष महाराज, विमा कंपनीत बारा वर्षं काढली, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी वाचलं नव्हतं. मी फक्त काढलं होतं.

ती गेल्यावर मी पहिली वही उघडली आणि सुरुवातीपासून टाइप करायला बसले. या वेळी जसं होतं तसं. तिसऱ्या आठवड्यात नववं प्रकरण आलं. तेच खिडकीतल्या बाईचं, आईनं इथे आल्यावर नव्यानं रचलेलं. ती बाई परक्या गावात काम मागायला जाते. तिच्याबरोबर तिची लहान मुलगी आहे, पाठीला दप्तर. मुकादम विचारतो, हेच काम का हवं? आणि ती बाई उत्तर देते.

धाकट्या, आता माझ्याकडे बघ. हे शब्दन् शब्द सांगायचं.

अध्यक्ष महाराज, चोवीस वर्षांपूर्वी माझी आई तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली होती: "साहेब, मला बसायचं काम देऊ करत होते एका ठिकाणी, आकडे जुळवायचं. पगार थोडा जास्त होता. मी नाही म्हणून आले. मला असं काम हवं आहे, ज्यात हात गुंतलेले राहतील आणि डोकं मोकळं राहील. कारण माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे. अकरा प्रकरणं झाली आहेत. वही तिकडे राहिली, पण मला सगळी पाठ आहे. घड्या घालताना मी ती रोज थोडी थोडी म्हणत जाईन, म्हणजे विसरणार नाही. तुमच्या कामात कसूर होणार नाही. पण गोष्ट पुरी झाली की मी ती लिहायला जाईन, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते."

आणि मी तुम्हाला काय सांगितलं होतं? आईला कामाची गरज आहे. ती मेहनती आहे.

मी तशीच आईकडे गेले. ती मोजे जुळवत बसली होती. मी विचारलं, "आई, मी तेव्हा गाळत होते, हे तुला कळत होतं?"

ती म्हणाली, "मी दहा मिनिटं बोलायचे आणि तू दोन वाक्यांत मोकळी व्हायचीस. एवढं न कळायला मी काय दगड आहे?"

"मग रागावली का नाहीस?"

"नऊ वर्षांची होतीस गं. पुढ्यात एवढा मोठा माणूस, तुझे कान लालबुंद झालेले. तू उभी राहत होतीस तेच पुष्कळ होतं."

"मग दरवेळी एवढं सगळं सांगत कशाला बसायचीस? मी ते पोचवणार नाही, हे माहीत होतं तर?"

आईनं हातातले मोजे जुळवले, त्यांची गुंडाळी केली आणि म्हणाली, "मी त्यांना थोडंच सांगत होते? तू ऐकत होतीस ना."

मी तिथेच, मोज्यांच्या ढिगात बसून रडले. आई म्हणाली, "ते धुतलेले आहेत, नाक पुसू नकोस."

त्यानंतरचं सगळं गोडच आहे. आज व्यासपीठावर बसलेल्या प्रकाशकांनी कादंबरी वाचली, पसंत केली, आणि फोनवर अतिशय नम्रपणे विचारलं, "बाई, साधारण शंभर पानं कमी करता येतील का?" फोन माझ्या हातात होता. मी आयुष्यभर हेच तर करत आले होते. मी म्हणाले, "नाही. एक ओळसुद्धा नाही." मग ते म्हणाले, "बरं, अक्षर जरा बारीक करू." महोदय, तुमचे उपकार मोठे आहेत, आणि अक्षर खरोखरच बारीक आहे. चष्मे जवळ ठेवा मंडळी. पाचशे बारा पानं आहेत, आणि खिडकीतली बाई दोनशे एकाव्या पानावर सुखरूप बसली आहे.

तेव्हा आज आई निवृत्त होते आहे, असं पत्रिकेत छापलंय ते तितकंसं खरं नाही. तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की गोष्ट पुरी झाली की मी जाईन. निरोप पोचायला चोवीस वर्षं उशीर झाला, तो माझ्यामुळे. अध्यक्ष महाराज, तेवढी नोंद तिच्या कागदपत्रांत करून घ्या. आणि दुसऱ्या कादंबरीची वही सुरू झाली आहे. फळी पुन्हा लिखाणात अडकली आहे. बाबांचा आजचा शर्ट पाहिलात, तर तुमच्या लक्षात येईलच.

माझं बोलणं आता संपवते. या सभागृहाबद्दल मुख्य परिचारिकाबाईंचे, खुर्च्या मांडणाऱ्या इस्त्री विभागाचे, आणि जिनं माझ्या दारात येऊन मला झापलं त्या जोडीदारीण मावशींचे मी आभार मानते. तुमच्यासारखी ऐकणारी आईला मिळाली नसती, तर आज मी इथे कशाबद्दल बोलले असते? बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल. अधिक बोलले असेन, त्याबद्दल तुमची सगळ्यांची क्षमा मागते. उणं बोलले, त्याबद्दल आईची.

आता आई नववं प्रकरण वाचून दाखवणार आहे. बाबा, घड्याळ खिशात ठेवा. धाकट्या, तो दुसरा माइक माझ्याकडे दे आणि तू खाली जाऊन बस. ये आई, अशी इथे उभी राहा. सावकाश वाच, हवं तेवढं वाच. मी तुझ्या शेजारी उभी आहे, सगळं सांगते त्यांना.